बियाण्याच्या पोटातलं बिऱ्हाड

७ जून

सकाळी मायचं गाठोडं सोडलं. तिच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा, आत दीड पायली धान. माय गेल्यावर दोन हंगाम बाईनं (मोठी बहीण; आमच्यात ताई नाही, बाईच) लाखांदूरकडे तिच्या शेतात लावून ते जिवंत ठेवलं. आता तिचे गुडघे गेले, चिखलात उतरवत नाही. मळणी झाल्यावर गाठोडं माझ्या हातात देताना म्हणाली, "माय गेली तवा तू मीटिंगमंधी होता. बी तरी सांभाळ." टोमणा मारल्याशिवाय बाई कोणाला काही देत नाही.

हे वासाचं धान. त्याला दुसरं नाव नाही, माय एवढंच म्हणायची. करडी गावात आता आमच्याशिवाय कोणाकडे नाही. सगळे बाजारातलं पिशवीतलं लावतात. ते लावा म्हणून गावोगाव सांगत फिरणारा मीच. एकतीस वर्षं कृषी सहायक होतो, चेष्टा नाही.

बीजप्रक्रिया केली. मिठाचं पाणी, पोचट वर आलं ते काढून टाकलं. मग बुरशीनाशक. मग करप्यासाठी अँटिबायोटिकची पुडी, बारा तास भिजत. डोळे बांधले तरी हात चुकायचे नाहीत. ही दारात उभी राहून बघत होती. "अवो, मायच्या बियाण्याले कायले दवाई?" म्हटलं, जगाला सांगितलं ते घरी नको करायला?

सगळंच भिजवलं. पुडीचं प्रमाण तेवढ्याचंच होतं, औषध वाया कशाला घालवायचं.

९ जून

पऱ्हे टाकले. घरामागे विहिरीजवळ नवीन वाफा केला तिथे. रोपं झाली की मायच्या बांधीत, तिच्या धानाच्या खाचरात रोवायची. हात झटकताना उगाच मायची आठवण आली. ती पऱ्हे टाकताना बोलायची नाही. आम्हा पोरांनाही बोलू द्यायची नाही. का, ते कधी विचारलं नाही.

१७ जून

उगवण विरळ. आणि जे आलं ते सुईसारखं बारीक. उन्हामुळे असेल.

२१ जून

उन्हामुळे नाही. शेजारचे पऱ्हे वीतभर झाले, त्यांना तेच ऊन आहे. आमचं पिवळं, बोटभर. एक रोप उपटून बघितलं. मूळ गुळगुळीत, माती धरतच नाही. धानाचं रोप उपटलं की मुळाला मातीचा गोळा येतो, इथे धुतल्यासारखं पांढरं निघालं. नोकरीत हजार वाफे बघितले असतील. असं मूळ बघितल्याचं आठवत नाही.

फोटो काढून प्रज्ञाला पाठवला. बाईची पोरगी, नागपुरात कॉलेजला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. खाली लिहिलं, आईला दाखवू नको.

२२ जून, रविवार

प्रज्ञाचा फोन. पहिला प्रश्न, "मामा, बियाण्याले काय काय लावलं?" सांगितलं. वेळ, प्रमाण, सगळं, अहवाल द्यावा तसं. तिनं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे अँटिबायोटिकच्या पाण्यात बारा तास?" म्हटलं, नियमाप्रमाणे. "हाव मामा, नियमाप्रमाणेच."

मग तिनं समजावलं. बियाण्याच्या आत जिवाणू राहतात. वरून चिकटलेले वेगळे, हे आतले. झाड दाण्यावर आलं की ते दाण्यात शिरून बसतात. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे. बी रुजलं की ते जागे होतात, कोवळ्या मुळात जातात, मुळाला केस फुटायला मदत करतात, जमिनीतलं अन्न विरघळवून त्याच्या तोंडाशी आणतात, वाईट बुरशीला वाटेतच अडवतात. "बाजारातल्या बियाण्यात त्यांचं प्रमाण वेगळं असते. पण आजीचं धान किती पिढ्या एकाच बांधीतलं. त्याच्या पोटात त्याचे स्वतःचे जमलेले असतील."

म्हटलं, म्हणजे बिऱ्हाड आहे म्हण की.

"बिऱ्हाडच. पण भाडं वेळेवर देणारं."

आणि ते मी बारा तास औषधात बुडवून बाहेर काढलं. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. हिनं विचारलं काय झालं, म्हटलं ॲसिडिटी.

२४ जून

काल, आज, काही केलं नाही. नुसतं आठवत बसलो.

कापणीच्या चार दिवस आधी माय बांधीत एकटी जायची. डोक्यावर टोपली, हातात विळा. मी शाळा बुडवून मागे लागलो तर हाकलायची नाही. धुऱ्याकडची, बांधालगतची लोंब घ्यायची नाही, बांधीच्या मधली घ्यायची. मी विचारायचो, काहून? "धुऱ्यावरच्या पोराले बाहेरचं वारं लागते." एकेक लोंब हातात धरून बघायची, नाकाशी न्यायची, मग टोपलीत. मध्येच एखादी मला हुंगायला द्यायची आणि डोळे मिटायला लावायची. ते बियाणं कधी धुतलं नाही. झोडलं नाही, पायानं हळू मळलं. कडुनिंबाचा पाला घालून ढोलीत (बांबूच्या कणगीत) ठेवलं आणि तोंड शेणानं लिंपून टाकलं.

नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मी ती ढोली फोडायला निघालो होतो. बीजप्रक्रिया करून देतो म्हणून. माय ढोलीसमोर बसून राहिली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबू, तू गावाले शिकव. हे राहू दे." मी तेव्हा चिडलो. बाहेर मित्रांत हसलोसुद्धा, की अधिकाऱ्याच्या घरीच अंधार. अधिकारी कुठला, सहायक.

आज हसू येत नाही. लाज वाटते, आणि माय पाहिजे वाटते. साठी उलटली तरी माणसाला आई कशी लागते कळत नाही.

२८ जून

प्रज्ञा आली. शनिवारची सुट्टी, सकाळच्या गाडीनं. मामीच्या हातचा चहा घेऊन सरळ वाफ्यावर. भिंग आणलं होतं. शेजारच्या रोपाचं मूळ दाखवलं, त्यावर मिसरूड फुटल्यासारखे बारीक केस. मग आमचं. काही नाही.

मी म्हटलं, एकतीस वर्षं मी लोकांचं नुकसानच केलं का गं?

ती चिडलीच. "मामा, असं नका करू. रोग असेल तर दवाई लावाच लागते. करप्यानं गेलेली शेतं तुमीच वाचवली ना? फक्त या बियाण्याले रोग नव्हता. तुमी दुखणं नसलेल्याले गोळी देल्ली."

सगळे मेले का, विचारलं. म्हणाली, काही उरले असतील, मातीतूनही काही येतील. पण जे पिढ्यानपिढ्या आत होते ते परत आणायचे तर तेच धान पाहिजे, औषध न लावलेलं. दाणे कुटून पाण्यात कालवून त्यात मुळं बुडवता येतात. "मूठभर मागं ठेवलं असेल ना?"

नाही ठेवलं.

मग मी मूर्खासारखं विचारलं, आणि वास? धान जगलं तरी वास राहील का? तिनं खरं ते सांगितलं, आवडलं मला. वास मुळात धानाच्या जातीतच असतो. पण आतल्या जिवाणूंचाही त्यात थोडा वाटा असावा असं काही जण म्हणतात. "या धानाचं मले नाही सांगता येत, मामा. कोनी पाह्यलंच नाही."

जाताना म्हणाली, "आईले सांगून टाका. तिले माहीत असते कोनाकडे काय आहे." पोरगी शहाणी, पण तिची आई तिला माझ्याइतकी माहीत नाही.

३० जून

बाईला सांगितलं. फोन कानापासून वीतभर लांब धरून.

ती ओरडली नाही. तेच वाईट. विचारलं, "सबन भिजवलं?" हाव. "एक मूठ मांगं ठेवली नाही?" नाही. "माय एवढ्या वर्षांत कधी एक मूठ मांगं ठेवल्याबिगर पेरली का?" नाही.

"दोन साल मी या गुडघ्यानं चिखलात उतरली रे."

फोन ठेवला. परत लावला, उचलला नाही.

२ जुलै

बाईचा फोन आला, पण हिच्या मोबाइलवर. मी समोरच बसलेलो. "त्याले सांग," असं सुरू. त्याले सांग, त्याच्या नोकरीच्या येळेस माय साकोलीले राहाले गेली होती. तवा तिनं तिकडच्या एका बाईले वासाचं धान देल्लं होतं. कौतिका नाव. जंगलाकडच्या गावची. त्याले माहीत नाही, कारण मायनं सांगतलं नाही.

कौतिकाबाई. मला चांगलं माहीत आहे कोण ते.

साकोलीला नोकरीत असताना तिच्या गावात पिंपळाखाली बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक होतं. सगळं गाव जमवलेलं, मी बादली, पुड्या, हातमोजे घालून उभा. कौतिकाबाई उठली आणि म्हणाली, आमच्या धानाले काही झालं नाही, मी दवाई लावत नाही. मी सगळ्यांसमोर तिला झापलं. काय बोललो ते लिहिणार नव्हतो, पण लिहितो. म्हटलं, तुझ्या अडाणीपणानं गाव बुडेल. लोक हसले. माय मागे बायकांत बसली होती. घरी येताना ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, चालून दमली.

४ जुलै

साकोली. पहिली एसटी, पुढे काळी-पिवळी जीप, मग दोन किलोमीटर पायी. रस्ता डांबरी झालाय. पिंपळ तसाच, खाली आता पानठेला.

कौतिकाबाई ओसरीवर मोहाच्या बिया फोडत बसली होती. ऐंशीच्या घरात असेल. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "दवाईवाले साहेब ना? केस गेले, आवाज तोच हाय."

खाली बसलो. सगळं सांगितलं, काही न लपवता. दगड चालूच होता तिचा. संपल्यावर म्हणाली, "तवा तुमी मले काय म्हटलं होतं, ध्यानात हाय?"

"बोललो असेन काहीतरी."

"असेन नाही. बोलले." मग माझं वाक्य तिनं शब्द न् शब्द मला ऐकवलं. माफी मागितली. हात जोडले. म्हणाली, "हात कायले जोडता, चहा घ्या."

चहा पिताना तिनं सांगितलं. प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशी माय तिच्या घरी गेली होती. पदरात पायलीभर धान. म्हणाली, बाई, माझ्या पोरानं तुले वंगाळ बोललं, हे घे, आणि याले दवाई लावू नको. "आन् म्हने, पोराले सांगू नको. त्याची नोकरी हाय."

मी कप खाली ठेवला. कौतिकाबाई आत गेली, बराच वेळ आली नाही. मुद्दाम गेली असावी.

धान मात्र तिनं तीन वर्षांपासून लावलं नाही. रानडुकरं. "बाकीचं धान तरी ठेवतात. याची डुकराले आदी खबर." वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात तळाशी थोडं ठेवलं होतं, फेकवत नाही म्हणून. तेच ओंजळीत घातलं. दाणे काळपट, हलके. मला बघूनच कळलं, हे उगवायचं नाही.

निघताना विचारलं, "साहेब, पिशवीत पुडी तं नाही ना?" आणि अशी हसली की मीही हसलो.

५ जुलै

प्रज्ञाला फोन. म्हटलं, बी मेलेलं आहे. ती म्हणाली, बी मेलं असेल, आतले जिवंत असू शकतात. काही जिवाणू टणक कवच करून वर्षानुवर्षं पडून राहतात. निम्मे दाणे नागपूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे दिले. दहा दाणे ओल्या फडक्यात.

१२ जुलै

फडक्यातले दहा. एकालाही मोड नाही. निरंक.

सायंकाळी प्रज्ञाचा मेसेज: "मामा, आहेत!!! जिवंत आहेत." मी हिला मोठ्यानं वाचून दाखवला. ही म्हणाली, कोण आहेत? म्हटलं, बिऱ्हाडकरू. "यायले माणसं लागत नाहीत बोलाले," म्हणत आत गेली.

१३ जुलै, रविवार

रोवणा. प्रज्ञा बाटली घेऊन आली. गढूळ पाणी, ओल्या मातीचा वास. उरलेले दाणेही कुटून त्यात घातले. टबात कालवलं, मुळं बुडवून ठेवली. रोवायला चार बायका. एक म्हणाली, एवढ्याशा पऱ्ह्याले कोन रोवते, साहेब, हे तं पायाखाली जाईन. खरं होतं. जगलेली रोपं एका बांधीलाही पुरी नव्हती, निम्मी बांधी झाली.

प्रज्ञाशी वाद. तिला काही रोपं न बुडवता लावायची होती. फरक दिसायला. मी म्हटलं, ही मायची रोपं आहेत, प्रात्यक्षिक नाही. ती म्हणाली, "मग फरक कशानं पडला ते कळणार कसं?" हे वाक्य मी आयुष्यभर शेतकऱ्यांना म्हटलं, ते लोकही असेच तोंड करायचे. शेवटी एक ओळ दिली. धुऱ्याकडची. तिला खुंटी ठोकली. रोवणाऱ्या बायका त्या ओळीला दिवसभर "सवतीचं पोर" म्हणत होत्या.

३ ऑगस्ट

रोज बघायला जातो. बुडवलेली रोपं उभी राहिली. हिरवी. फुटवे मोजले, चार, पाच, कुठे सहा. सवतीची ओळ दोन, तीन. ही म्हणते, "नातवाचं वजन कराव तसं काय मोजता रोज?" फोटो बाईला पाठवले. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

१८ ऑगस्ट

सवतीची ओळही सुधारतेय. मागे आहे, पण सुधारतेय. प्रज्ञा म्हणाली, होऊ शकते, बांधीच्या मातीतही ते उरलेले असतील. इतकी वर्षं तेच धान तिथेच कुजलं, तिथेच उगवलं. म्हणजे आता नक्की कोणामुळे काय, सांगता येत नाही. तिचा हिरमोड झाला. मला मात्र बांधीत उतरून पाय चिखलात रुतवून उभं राहावंसं वाटलं. राहिलो. पिंडऱ्या दुखतात आता.

७ सप्टेंबर

पाऊस, बाहेर काम नाही. ही भात रांधत होती, पिशवीतल्या तांदळाचा. चांगला आहे तांदूळ. पांढरा, मोकळा. कोणाला कळतही नाही की आज घरात भात आहे.

लहानपणी मायनं वासाचं धान रांधलं की शाळेतून येताना मारुतीच्या पारापासून कळायचं. पाटी बगलेत मारून पळत सुटायचो. ते रोजचं नव्हतं, वर्षातून चार-पाच वेळा. बुद्धपौर्णिमा, पाहुणा, कोणाचं बाळंतपण. आणि मायचा नियम होता, जिथवर वास जाईल तिथवर वाटी गेली पाहिजे. बाई आणि मी वाट्या पोचवायचो. वारा असला की जास्त घरं. बाई परकराचा घोळ वर खोचून पुढे, मी मागे वाटीवर हात धरून. एकदा मी जाता जाता वाटीत बोट घालून खाल्लं आणि बाईनं मारलं. मग घरी आल्यावर तिनंच स्वतःच्या ताटातला भात काढून दिला. शेवटी आमच्या वाट्याला बुडाचा खरपूस थर उरायचा. त्याची चव सांगता येत नाही. वाड्यावस्तीत आम्हाला पाण्याला शिवू न देणारेही होते तेव्हा, पण वास त्यांच्याही अंगणात जायचा. मायनं एकदा तिकडेही वाटी पाठवली होती. त्यांनी घेतली. दाराआडून, पण घेतली.

हे बाईशी बोलायला पाहिजे होतं. दुसऱ्या कोणाला त्यातलं काय कळणार?

२ ऑक्टोबर

पोटरी आली. धान गरोदर आहे, माय म्हणायची. बांधीत जाताना आवाज करू नको म्हणायची. मी आज खोकला दाबला.

११ ऑक्टोबर

फुलोरा. पांढरा भुरका सगळीकडे. सकाळी नऊला गेलो, तेव्हाच फुलं उघडतात आणि तेव्हाच वास यायला पाहिजे.

धुऱ्यावर उभा राहिलो. आला. मग वाटलं नाही आला. परत आला. डोळे मिटले की येतो आणि उघडले की जातो. म्हणजे वास येतोय की आठवण, कळेना. एक तास उभा होतो. इतक्या वर्षांत कशाकशाची फवारणी केली या नाकासमोर.

१२ ऑक्टोबर

हिला नेलं. "मले तं चिखलाचा वास येऊन राहिला." हिचं माहेर गोंदियाकडचं, आमचं धान फुलावर कधी बघितलंच नाही, लग्नानंतर आम्ही साकोलीलाच. प्रज्ञाला विचारून उपयोग नाही, तिनं आजीचा भात खाल्ला तेव्हा ती दूधभात खायच्या वयाची. कौतिकाबाई एवढं येऊ शकत नाही.

फक्त बाईच. धानाचं बरं झालं की नाही ते आता जगात एकाच माणसाला सांगता येईल, आणि ते माणूस जूनपासून माझ्याशी बोलत नाही.

१३ ऑक्टोबर

फोन केला. उचलला. मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "बाई, फुलावर आलं. मले कळत नाही वास आहे का नाही. तू ये ना."

"मले कायले बोलावता, शिकले-सवरले तुमी." तुमी. मला बाईनं जन्मात तुम्ही म्हटलं नव्हतं.

"माझ्याच्यानं नाही कळून राहिलं गं. वास आला तं मायचाच येते, आन् नाही आला तरी मायच दिसते."

तिनं तिकडे कोणाला तरी एसटीची वेळ विचारली. मग, "फुल चार-पाच दिवस टिकते. उद्याच्या एसटीनं येतो. बायकोले सांग, गुडघ्याले तेल कोमट ठेव."

१५ ऑक्टोबर

बाई काल दुपारी आली. माझ्याशी जेमतेम. हिच्याशी भरपूर. मायच्या जुन्या खाटेवर झोपली.

आज सकाळी बांधीवर. धुरा ओला, तिचा पाय घसरला तेव्हा माझा खांदा धरला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला. हात किती हलका झालाय तिचा.

बांधीच्या कडेला थांबली. सवतीच्या ओळीकडे बघून म्हणाली, हे असं काहून? सांगितलं. "म्हणजे तू एवढ्यातही तुझं प्रात्यक्षिक केलंच." म्हटलं, तुझ्या पोरीनं केलं. हसली नाही.

मग लोंब हाताशी घेतली, तोडली नाही, वाकूनच हुंगली. दुसरी हुंगली. मधल्या रोपापर्यंत जायचं म्हणाली. मी नको म्हणत असताना चपला काढून चिखलात उतरली, त्या गुडघ्यानं. मी मागे. मध्यावर जाऊन उभी राहिली, डोळे मिटून. पदर तोंडाशी. मी थांबलो. मग राहवलं नाही.

"येते का, बाई?"

"चूप."

परत थांबलो. ती तशीच. गालावरून पाणी आलं, तिनं पुसलं नाही. ते वासानं आलं की मायनं, की गुडघ्यानं, मी काय सांगू?

परत येताना धुऱ्यावर बसली. पाय धुवायला पाणी मागितलं. मी डबा आणून तिचे पाय धुतले, लहानपणी ती माझे धुवायची. ती बांधीकडेच बघत होती.

"कापणीले मी येतो," म्हणाली. "मधली लोंब मी काढन. तू नको लावू हात. आन् निम्मं बी माह्याकडे राहीन. सबन तुह्या एकट्याच्या हाती ठेवत नाही आता."

म्हटलं, बरं.

"आन् पुडी-बिडी घरात असन तं आजच फेक."

नोकरीतली एक उरली होती, ती फेकली. म्हणजे कपाटातून काढून कृषी केंद्रवाल्याला परत दिली, फेकायचं औषध नाही ते. बाई त्यावरही बोललीच.

दुपारच्या गाडीनं गेली. खिडकीतून हात केला. वास आला की नाही, ते तिनं सांगितलं नाही. मीही परत विचारलं नाही.